शेवटचे पाच यार्ड

कोबीचा पहिला टेम्पो भरायचा दिवस सोमवारी आला की माझं कुठल्याच कामात धड लक्ष लागत नाही. आज तसंच झालं. बांधावर औषधाचा रिकामा ड्रम उपडा घातलेला, त्यावर मोबाईल उभा केलेला आणि त्यात अमेरिकेतल्या फुटबॉलची मॅच. तिकडे रविवारची रात्र, इकडे महाळुंग्यात सोमवारची सकाळ. दव एवढं की साडीवर घातलेला शर्ट कोपरापर्यंत भिजला होता. विळ्याखाली देठ कच्‌कन तुटतो, बाहेरची पानं करकरतात, हाताला तो हिरवट, उग्र वास लागतो आणि साबणानेही जात नाही. शेजारच्या द्राक्षबागेत औषध फवारणारा ब्लोअर घोंघावत होता. दोन गड्डे कापले की मी एकदा ड्रमकडे बघत होते.

“वहिनी,” शेवंताबाई ओरडली. आमच्याकडे माल भरायला येणाऱ्या बायकांची ती पुढारी. “तुमचं ते हेल्मेटवालं आज काय करत्यात? पळत्यात का फेकत्यात?”

“पळतायत.”

“मग काय मजा न्हाई.”

बाकीच्या हसल्या. मी पण हसले, पण विळा हातातच राहिला. आमच्या कोबीच्या रानात हा प्रश्न विचारला जातो याचं आता कुणाला नवल वाटत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याआधी विचारला असता तर मीच म्हणाले असते, बाई, कामाकडे बघ.

मी रोपवाटिका चालवते. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, मिरची. ट्रेमध्ये बी टाकायचं, रोप तयार करायचं, शेतकऱ्याच्या हवाली करायचं. या धंद्यात यादी नसेल तर माणूस वेडा होईल. कुणाचं बुकिंग, कुठली जात, कधी न्यायला येणार, या आठवड्यात पंपाला लाईट दिवसाची की रात्रीची. खताच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर भिंतीवर असतं, त्याच्या चौकोनांत मी हे सगळं बारीक अक्षरात लिहिते. घरातले चेष्टा करतात आणि काही हवं असलं की त्याच कॅलेंडरपुढे जाऊन उभे राहतात. सगळं स्वतःच्या हाताने करायची मला सवय आहे. दुसऱ्यावर सोपवलं की ते होईपर्यंत मला बसवत नाही.

त्या हिवाळ्यात काळे सर घरी आले. शाळेचे खेळाचे शिक्षक, मूळचे आणे गावचे, अंगापिंडाने अजून कबड्डीपटू. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मुद्द्यावर आले.

“ताई, शाळेचा मुलींचा संघ काढतोय. फ्लॅग फुटबॉल. अमेरिकेतला खेळ हाय.”

“कबड्डीचं काय झालं?”

“कबड्डीला तालुक्यात संघ लई. आन् ह्या खेळाला बोटावर मोजण्याइतके. कमी टीम, जास्त चान्स. पोरींना दहावीला खेळाचे मार्क पाहिजेत का नको?”

“पण खेळायचं कसं?”

“मला तरी कुठं म्हाईत? बघू की.”

मुलींबरोबर प्रवासाला एक बाईमाणूस लागतं. माझी सानिका संघात होती, म्हणून मॅनेजर मी. त्याच संध्याकाळी मी पिशवीची यादी केली: ग्लुकोज, सेफ्टी पिना, आधार कार्डाच्या झेरॉक्स, गुडघ्याला पट्ट्या, उलटीसाठी कॅरीबॅगा. खेळाबद्दल मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

खेळ समजायला फार वेळ लागला नाही. टीव्हीवर दिसतो तो खरा अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यांवर ढाली आणि एकमेकांवर आदळणं. शाळेतला त्याचा धाकटा भाऊ. पाच-पाच जणी, प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला लोंबत्या फिती. अंगाला हात लावायचा नाही. चेंडूवालीची फीत ओढली की ती जिथे असेल तिथे डाव थांबला, पुढचा डाव तिथून सुरू. चेंडू पिकलेल्या पपईएवढा, दोन्हीकडून निमुळता. चार डावांत अर्धं मैदान ओलांडायचं, मग पुढच्या चार डावांत शेवटची रेषा. चेंडू पुढे न्यायच्या रीती दोनच. घेऊन पळायचं, नाहीतर पुढे पळत गेलेल्या मुलीकडे फेकायचं आणि तिने वरच्यावर झेलायचं. जमिनीवर पडला तर तो डाव फुकट. बस. सगळं भांडण एवढ्याचंच आहे, पळायचं की फेकायचं.

पहिल्या दिवशी मंचरकडच्या एका शाळेच्या मुली सरावाला आल्या. त्यांची एक मुलगी चेंडू घेऊन निघाली. आमच्या पोरींनी क्षणात हाताला हात धरून साखळी केली, एकीने तिचा घोटा पकडला, दोघींनी कंबर, आणि तिला अलगद जमिनीवर बसवलं. वर सगळ्या एका सुरात ओरडल्या, “आऊट!” ती मुलगी रडकुंडीला आली. तिच्या कमरेच्या दोन्ही फिती तशाच लोंबत होत्या. एकीलाही त्या ओढायचं सुचलं नव्हतं.

काळे सरांनी डोक्याला हात लावला, पण मिशीत हसत होते. “पकड मातर झ्याक व्हती, राव.”

सराव संध्याकाळी असायचा आणि उजेड असतानाच संपवायचा. ऊसतोड सुरू झाली की बिबटे रानातून बाहेर पडतात, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मुली घोळक्याने घरी जायच्या, एकीच्या मोबाईलवर गाणं मोठ्याने लावून. मी मागून स्कूटीवर, दिवा लावून, त्यांच्या चालीच्या वेगाने. थंडी कानात शिरायची, गुऱ्हाळाचा गोड धूर अंगावर यायचा, आणि पुढे सानिकाची वेणी डावी-उजवी हलताना दिसायची. ती चालतानासुद्धा कुणाला तरी चकवत असल्यासारखी चालायची.

सानिका पळायची. पळणं मला लगेच कळलं. चेंडू काखेत, मान खाली, डावीकडे झोक दाखवून उजवीकडून निसटायचं. कबड्डीतली चढाईच ती. फीत ओढायला आलेला हात हवेत राहायचा आणि ही पुढे. हातात आहे तोवर आपलं आहे, जेवढं पुढे नेलं तेवढं पक्कं, असा तो खेळ होता. मला तो माझ्या स्वभावाचा वाटला. सरांनाही. त्यामुळे आमचा संघ प्रत्येक डाव पळायचा. ऋतुजा नावाची सानिकाच्या बाकावरची उंच, डावखुरी मुलगी तेवढी अधूनमधून म्हणायची, “सर, मी फेकून बघू का?” सर म्हणायचे, “आधी हातातलं सांभाळ.”

मग जुन्नरला पहिली स्पर्धा झाली. तिथे जे घडलं ते आमच्या शाळेच्या पोरीकडूनच घडू शकतं. सानिका निम्म्या मैदानातून चेंडू घेऊन सुटली. एक चुकवली, दुसरी चुकवली, समोर फक्त रेषा. तिने चेंडू मागच्या बाजूच्या काखेत आवळला, पुढचा पाय लांब करून रेषेला अंगठा लावला आणि गर्रकन वळून आपल्या बाजूला परत पळत सुटली. कबड्डीत शिवून परत आलं तरच गुण असतो ना. इथे चेंडूने रेषा ओलांडली की संपलं, परत कुठे यायचं नाही. तिचा चेंडू तर रेषेच्या अलीकडेच राहिला होता. मागून आलेल्या मुलीने तिची फीत ओढली. तरी सानिका आपल्या अर्ध्या मैदानापर्यंत आली, श्वास सोडला आणि दोन्ही हात वर केले. आमच्या सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पंच भला माणूस होता. त्याने सगळं नीट समजावलं आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. शेवटच्या रेषेआधी पाच यार्डांचा, म्हणजे साधारण पाच ढांगांचा पट्टा असतो. डाव त्या पट्ट्यातून सुरू झाला तर पळायला बंदी. तिथून चेंडू फेकावाच लागतो.

“म्हंजी गावाच्या वेशीपर्यंत पळत यायचं आन् आत शिरायला पळायचं न्हाई?” सर म्हणाले.

“तसंच.”

 ती स्पर्धा आम्ही दुसऱ्या संघाच्या चुकांवर कशीबशी जिंकलो. परतीच्या गाडीत सरांनी मला दुसरी बातमी दिली. विभागाची स्पर्धा जो संघ जिंकेल, त्याच्या मुलींना दहावीनंतर नागपूरकडच्या एका क्रीडा वसतिगृहात घेणार होते. राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथेच.

नागपूर. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. रस्त्याकडेच्या दोन ढाब्यांची नावं वाचल्याचं आठवतं, त्यापुढचा रस्ता कुठे गेला ते आठवत नाही.

माझं सानिकाबद्दलचं सगळं ठरलेलं होतं. अकरावी-बारावी मंचरला, मग कृषी पदविका, मग रोपवाटिका. ती बी टाकायला बसली की तिचा हात माझ्यापेक्षा हलका. ट्रे बघून तिला कळायचं, पाणी कमी आहे की जास्त. टेम्पो भरायला तीच माझ्याशेजारी उभी. हे काही मी तिच्यावर लादलेलं नव्हतं, तिलाही ते आवडायचं. म्हणून तर मला तो बेत इतका पक्का वाटत होता.

“मम्मी, सर म्हणाले जिंकलो तर नागपूर,” घरी आल्यावर ती म्हणाली.

“नागपूर म्हणजे काय जुन्नर आहे का, सकाळी जाऊन संध्याकाळी यायला?”

“तू येत जा ना भेटायला.”

“मी आले तर इथे ट्रेला पाणी कोण मारणार?”

“पप्पा मारतील.”

आतून यांचा आवाज आला. “मला कोणी इचारलंय का?”

ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “मला जायचंय पण. खरंच जायचंय.” आणि केस विंचरायला निघून गेली. मी कॅलेंडरपुढे उभी राहिले. पेन हातात होतं. विभागाच्या स्पर्धेच्या तारखेच्या चौकोनात मी नुसतं ‘गाडी’ लिहिलं. गाडी ठरवायची होती, एवढं खरं होतं.

तिथून माझी बैठक मोडली. पाणी मारताना मध्येच पाईप ठेवून घरात यायची आणि कशाला आले ते विसरायची. सानिकाने सोमवारी सकाळी तिकडच्या मॅच बघायला सुरुवात केली होती, मी भाकरी करता करता बघू लागले. बोलणाऱ्यांचं इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, उरलेलं ती सांगायची. तिथेही हेच भांडण जुनं आहे, असं कळलं. जुने जाणते सांगतात, पळा. जिंकणारे संघ बघा, तेच जास्त पळालेले असतात.

“झालं की मग,” मी म्हणाले. “पळा.”

“उलटं आहे गं, मम्मी. आधी फेकून फेकून पुढे जातात. मग पुढे गेले की वेळ काढायला पळतात. पळताना घड्याळ चालू राहतं ना, फेकलेला चेंडू पडला की थांबतं. म्हणून शेवटी मोजलं की जिंकणाऱ्याचं पळणं जास्त दिसतं.”

तव्यावर भाकरी करपली. मी ती उलटायची विसरले होते.

पळतात म्हणून जिंकतात, की जिंकत असतात म्हणून त्यांना पळणं परवडतं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की बाहेर निघत नाही. ज्याच्या रानात शेततळं आहे त्याची बाग वेळेवर छाटलेली, त्याचे बांध साफ. आम्ही म्हणतो, माणूस नेटका आहे म्हणून बरकत आहे. कदाचित तळं आहे म्हणून त्याला नेटकं राहता येत असेल. आणि मी? सगळं मी स्वतः करते म्हणून घर नीट चालतं, असं मी धरून चालले होते. की घर आपोआप नीट चालत होतं, सानिका आणि तिचे पप्पा मागून आवरत होते, आणि म्हणून मला सगळं मीच करतेय असं वाटून घेता येत होतं?

यांचा स्वभाव माझ्या उलट. उन्हाळी कांदा चाळीत भरून ठेवतात आणि वाट बघत बसतात. मी म्हणते, थोडा थोडा काढत जाऊ. दर आठवड्याला पिशव्या भरू, बाजारात जाऊ, आलं ते आपलं. हे म्हणतात, थांब. कधी साधतं, कधी चाळीजवळून जाताना सडका वास येतो आणि आम्ही एकमेकांकडे बघत नाही. त्या हिवाळ्यात एकदा मला म्हणाले, “तू पळनारी, मी फेकनारा. आपला संसार म्हंजी तुझा तो फुटबॉलच हाय.”

“फेकलेला चेंडू हवेत असतो तेव्हा कुणाचाच नसतो,” मी म्हणाले.

“आगं, पन तेवढाच येळ तो समद्यांना दिसतो बी.”

यांना असं कधीतरी सुचतं. मग पुन्हा दिवसभर काही नाही.

दरम्यान सरावात आमच्या पोरी त्या पाच यार्डांपर्यंत येऊन अडकायच्या. ऋतुजाचा हात चांगला होता, पण झेलणाऱ्या हातांना सवय नव्हती. चेंडू आला की त्या डोळे मिटायच्या, नाहीतर कबड्डीतल्यासारख्या त्याला धरायला झेप घ्यायच्या. काळे सर हताश. विभागाची स्पर्धा जवळ आलेली. खरं तर मी गप्प राहू शकत होते. मी मॅनेजर, पिशवीची मालकीण. पण काम बिघडताना दिसलं की माझ्याने बघवत नाही, हा माझा रोग आहे.

“सर,” मी म्हणाले, “रविवारी पोरींना आमच्या रानात आणा. कोबी भरायचाय.”

“ताई, स्पर्धा तोंडावर आलीया आन् तुमी कोबी...”

“आणा तर.”

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोबी रानातून टेम्पोत डोक्यावर वाहून नेत नाहीत. कापणारीपासून टेम्पोपर्यंत बायकांची ओळ लागते. पहिली गड्डा दुसरीकडे फेकते, दुसरी झेलते आणि त्याच झोकात तिसरीकडे सोडते. हात गड्ड्याला थांबवत नाहीत, त्याच्याबरोबर जरा मागे जातात, म्हणून तो निसटत नाही. कुणी बोलत नाही असं नाही, उलट सगळं गाव तिथेच बोलून होतं, पण डोळे गड्ड्यावर. एक झेलला की दुसरा हवेत असतोच. ओळीच्या शेवटी टेम्पोत एक बाई उभी. ती तेवढी फेकत नाही. ती गड्डा पोटाशी घेते आणि खाली रचते. ते काम आमच्याकडे कायम शेवंताबाईचं.

पोरी ओळीत उभ्या राहिल्या. पहिल्या काही वेळात गड्डे पडले, शेवंताबाईने शिव्या घातल्या. “आगं भवाने, कोबी हाय त्यो, नवरदेव न्हाई. लाजतीस काय त्याला!” मग हळूहळू हात बसले. टेम्पो निम्मा भरेपर्यंत ऋतुजा लांबून, ओळीतल्या दोघींच्या डोक्यांवरून, थेट सानिकाच्या हातात गड्डा सोडू लागली होती. सानिका नेहमीसारखी ओळीच्या मधोमध. झेलायचा, सोडायचा. झेलायचा, सोडायचा. काळे सर बांधावर उकिडवे बसून बघत होते. शेवटी उठले, पँट झटकली आणि म्हणाले, “माझी तीस वर्सं पळण्यात गेली, ताई.”

त्याच आठवड्यात एक शेतकरी आपली टोमॅटोची रोपं न्यायला येत नव्हता. मी रोज फोन करत होते. रोप ट्रेमध्ये जास्त राहिलं की उंच जातं, काडी बारीक पडते, मुळं त्या छोट्याशा खणात स्वतःभोवतीच गुंडाळली जातात. मग लावलं तरी धरत नाही. “न्या हो लवकर,” मी त्याला ओरडून सांगत होते, “माझ्याकडं ठेवून काय उपयोग?” फोन ठेवला तर सानिका दारात उभी.  

विभागाची स्पर्धा शहरातल्या एका मोठ्या मैदानावर होती. सपाट, कापलेलं, ओलसर हिरवं गवत. आमच्या पोरींनी आत शिरताना कडेला बूट काढून ठेवले. तुडवायला जीव होईना. पंचाने परत घालायला लावले.

शेवटच्या सामन्यात समोर शहरातली शाळा. त्यांच्या मुली फेकायच्या असं की चेंडू दोरीला बांधलाय. पण फीत ओढण्यात आमच्या पोरींचा हात कोण धरणार. समोरचीच्या पायावरून ती कुठे वळणार ते यांना आधी कळायचं. खेळ अटीतटीचा चालला. रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण, त्यावर आणखी एक मिळवायची संधी. त्यांनी ती साधली होती, आम्ही नाही. सात-सहा. वेळ संपत आलेला आणि चेंडू आमच्याकडे.

सानिका पळाली. मधल्या रेषेच्या अलीकडून, तीन जणींना चकवत. मी ओरडत होते की नाही आठवत नाही. रेषा तीन पावलांवर असताना तिची फीत ओढली गेली.

म्हणजे पाच यार्डांच्या पट्ट्यात. आता पळणं बंद. अर्धं मैदान ओलांडलं म्हणून नवे चार डाव, पण चारही फक्त फेकायचे.

पहिला चेंडू उंच गेला. दुसरा एकीच्या बोटांना लागून खाली पडला. तिसरा ऋतुजाने असा सोडला की मला आमचं रान दिसलं. थेट रेषेपलीकडे, सानिकाच्या छातीवर. सानिकाने झेलला आणि त्याच झोकात पुढे सोडून दिला. पुढे कुणी नव्हतंच. चेंडू गवतावर टप्पे खात गेला.

पंचाने हात हलवले. ताबा नाही. डाव फुकट.

सर माझ्याकडे वळले. “काय केलं हिनं? झेलला व्हता की! टाकला कशापायी?”

त्यांना कळलं नाही. त्या मैदानावर कुणालाच कळलं नाही. मला कळलं. ती कोबीच्या ओळीच्या मधोमध उभी होती.

शेवटचा डाव उरला होता. त्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहायचं म्हटलं तर पान पुरायचं नाही. मंचरची बस, रोपवाटिकेचं दार, तिचा हलका हात, भिंतीवरच्या चौकोनात लिहिलेलं ‘गाडी’. गप्प उभी राहिले असते तर कुणी मला काही म्हटलं नसतं. सानिका पट्ट्यात वाकून उभी होती, गुडघ्यांवर हात, आणि माझ्याकडे नाही, ऋतुजाकडे बघत होती. मला जायचंय पण. खरंच जायचंय.

मी कडेच्या रेषेपर्यंत पळत गेले आणि शेताच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडतात तसं ओरडले.

“सानिके! तू टेम्पोत आहेस! टेम्पोत ठेव!”

लोक वळून बघायला लागले. शहरातल्या शाळेच्या बाई माझ्याकडे काळजीने बघत होत्या. सानिकाने मान वळवली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. ऋतुजाने डावा हात मागे नेला.

चेंडू हवेत होता तेव्हा तो खरंच कुणाचाच नव्हता. आणि यांचंही खरं होतं, तो आम्हा सगळ्यांना दिसत होता.

सानिकाने तो पोटाशी घेतला. त्याच्यावर दोन्ही हात आवळले आणि तशीच खाली बसली, टेम्पो भरला की शेवंताबाई बसते तशी, मांडी घालून, रेषेपलीकडे.

मुली तिच्या अंगावर पडल्या. सर रडत होते आणि ते लपवायला मला विचारत होते, “ताई, ह्यात टेम्पो कुठनं आला मधीच?” मी पिशवीतून ग्लुकोज काढून पेल्यांत ओतत होते. अर्धं गवतावर सांडलं. नंतर यादीप्रमाणे सगळं सामान मोजून भरलं. काहीच राहिलं नव्हतं.

आज दोन वर्षं होत आली. ऋतुजा आणि ती नागपूरकडे वसतिगृहात एकाच खोलीत राहतात. तिच्या खेळाचं पुढे काय होईल मला माहीत नाही. हे रोपांना पाणी मारतात, जास्तच मारतात. मी अजून बसून राहू शकत नाही. सोमवारी सकाळी तर नाहीच. आणि अजूनही मॅच बघताना माझं मन पळणाऱ्याकडेच असतं, हे कबूल करायला हवं. फेकणं बरोबर असेल. पण चेंडू हवेत गेला की मी कोबीकडे वळते.

आजचा टेम्पो निम्मा भरला होता. नव्याने आलेली एक बाई मधूनमधून गड्डा खाली पाडत होती. “लई लांबून येतोय, बया,” म्हणत होती. तेवढ्यात ड्रमवरच्या मोबाईलवरची मॅच थांबली आणि तिथे सानिकाचं नाव आलं. मी ओले हात शर्टाला पुसले.

“मम्मी, बघतेयस का मॅच?”

“बघत होते. तूच बंद पाडलीस.”

“कोबी निघाला?”

“आज पहिला टेम्पो.”

 तिच्या मागे मुलींचा गलका, कुठलं तरी दार आपटल्याचा आवाज. माझ्यामागे शेवंताबाई टेम्पोतून ओरडत होती की गप्पा नंतर, हात चालवा.

“माझ्या जागेवर कोण उभं आहे?”

मी वळून ओळीकडे बघितलं. एक गड्डा हवेत होता.

“कुणी नाही,” मी म्हणाले. “आम्ही जरा लांब फेकतो.”